सात फुटी पोरगं जोखण्याची सोपी रीत

परवाच्या शनिवारी इथल्या, अमेरिकेतल्या, कॉलेज बास्केटबॉलचा सामना बघायला आमच्याकडे सहा जण जमले होते. आमच्या विद्यापीठाच्या संघातला अठरा वर्षांचा नवा सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारा उंच गडी, बेंचवरून उठला, जॅकेट काढलं, आणि सोफ्यावरच्या एका स्नेह्यांनी चिवड्याची मूठ तोंडात टाकत निकाल दिला, "हे काही कामाचं नाही." पोराने अजून चेंडूला हातही लावला नव्हता. मला काय आदर वाटला म्हणून सांगू! पगारी स्काउट वर्ष-वर्ष फिरतात, फिती घासतात, आणि इथे माणूस एका मुठीत मोकळा. अशी विद्या एकाच सोफ्यावर अडकून पडू नये, म्हणून तिचे नियम इथे देतोय. जपून ठेवा.

सुरुवात नोव्हेंबरातच करायची. पहिले दोन-चार सामने लिंबूटिंबू संघांशी असतात. पोरगं चार डंक घालतं, तीन ब्लॉक करतं. लगेच 'पुढचा एम्बीड' म्हणून जाहीर करून टाका. एनबीएतला बडा सेंटर एम्बीड कॅमेरूनचा, पंधरा-सोळाव्या वर्षी बास्केटबॉलकडे वळला, कॅन्ससकडून २०१३-१४ चा एकच हंगाम खेळला आणि ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीएच्या संघांनी नवे खेळाडू निवडायच्या फेरीत, तिसरा गेला, एवढं पाठ असलं की पुरे. त्याच हंगामात त्याच्या पाठीच्या हाडाला चीर गेली आणि ड्राफ्टनंतरची दोन वर्षं तो एकही सामना खेळला नाही, हे पाठ नसलं तरी चालेल.

जानेवारीत कॉन्फरन्सचे, म्हणजे आपल्या गटातल्या संघांशी, सामने लागतात, समोर बावीस-तेवीस वर्षांचे दाढीवाले गडी येतात. आता त्याच पोराला 'वाया' म्हणायचं. मधल्या दोन महिन्यांत काय बिघडलं असं कोणी विचारलंच, तर चहा मागा.

पोराच्या पायांकडे चुकूनही बघू नका. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, ते तेव्हाच बघून झाले.

फ्री थ्रो हुकला की "हे तर मीही टाकतो" म्हणायला विसरू नका. (तुम्ही टाकत नाही. जुलैतल्या पिकनिकला आम्ही सगळे होतो.)

गुण तेवढे मोजा. त्याने स्क्रीन लावून, म्हणजे बचाव करणाऱ्याची वाट अंगाने अडवून, गार्डला (बाहेरून चेंडू खेळवणाऱ्याला) मोकळं केलं, गार्डने तिथून तीन गुणांचा शॉट घातला, तर टाळ्या गार्डला. त्याने समोरच्या सेंटरला ढुंगणाने रेटत रिंगपासून लांब ठेवलं आणि रिबाउंड (हुकून परत आलेला चेंडू) दुसऱ्याच्या हातात अलगद पडला, तर तो आकाशातून आला. आणि सहा मिनिटांत त्याच्याकडे आत एकदाही चेंडू दिला नाही, तर दोष अर्थातच त्याचा. मागायचा ना त्याने!

वाद अंगाशी यायला लागला की थबीट बाहेर काढा. हा हुकमी पत्ता. हशीम थबीट, टांझानियाचा, सात फूट तीन इंच, यूकॉनमध्ये (कनेक्टिकट विद्यापीठात) ब्लॉकवर ब्लॉक. २००९ च्या ड्राफ्टमध्ये दुसरा. पुढे मोठे तारे झालेले दोघे त्याच्या मागे: जेम्स हार्डन तिसरा, स्टीफन करी सातवा. आणि पहिल्याच हंगामात थबीटची रवानगी डी-लीगमध्ये, म्हणजे एनबीएच्या खालच्या लीगमध्ये. हे म्हणून झालं की मागे टेकून बसायचं. "उंच पोरांचं हे असंच."

असंच म्हणजे कसंच? थबीटला कच्चा म्हणून कोणी टाकलं नव्हतं हो, त्याला तर पक्का म्हणून उचललं होतं! कॉलेजात समोर येणारी बहुतेक पोरं त्याच्यापेक्षा अर्धा-पाऊण फूट बुटकी. हात वर केला की ब्लॉक. वासरात लंगडी गाय शहाणी. मांडीत जोर किती, धक्का खाऊन जागा धरता येते का, चेंडू हातात ठरतो का, हे त्या आकड्यात दिसत नव्हतं. उंची बघितली, आकडा बघितला, झालं. म्हणजे तुमचीच पद्धत, फक्त चिवड्याशिवाय.

आता दुसरी बाजू. झॅक ईडी. टोरांटोचा पोरगा, आइस हॉकी आणि बेसबॉल खेळायचा, बास्केटबॉल हातात घेतला तो दहावीच्या सुमारास. पर्ड्यू विद्यापीठात पहिल्या वर्षी, २०२०-२१ ला, सामन्यामागे जेमतेम पंधरा मिनिटं. "हा गाडा वळायला अर्धं मैदान लागतं," असं तेव्हा मीच म्हणालो होतो, लपवत नाही. २०२३ च्या राष्ट्रीय स्पर्धेत पर्ड्यू पहिल्याच फेरीत सोळाव्या, म्हणजे सगळ्यात खालच्या, मानांकनाच्या, देशातल्या सगळ्यात बुटक्या संघाकडून हरलं, तेव्हा तर सगळ्यांनी ईडीचा तेरावाच घातला. पुढच्या वर्षी तो अंतिम सामन्यात उभा. हरले, पण ३७ गुण त्याचे. लागोपाठ दोन वर्षं देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू. हा पोरगा पहिल्या वर्षी सोफ्यावर तपासायला दिला असता तर?

एनबीएचा दिग्गज सेंटर ओलाजुवॉन तरी काय होता? लागोसहून १९८० मध्ये ह्यूस्टनला आला तेव्हा तो हँडबॉल आणि फुटबॉलचा गडी. पहिलं वर्ष नुसतं सरावात. दुसऱ्या वर्षी सामन्यामागे आठच्या आसपास गुण. मग उन्हाळ्यात मोझेस मलोनसारख्या रांगड्या व्यावसायिकाच्या अंगावर रोज आपटत राहिला. १९८४ मध्ये ड्राफ्टमध्ये पहिला.

शनिवारी भारतीय सेंटर सतनामसिंगचंही नाव निघालं. "आपल्या सतनामचं काय झालं? उंची होतीच की!" अहो, २०१५ ला डॅलसने त्याला ५२ वा घेतला तो कॉलेजचा एकही सामना न खेळता! ज्या वर्षांबद्दल मी घसा फोडतोय, ती त्याच्या वाट्याला आलीच नाहीत.

नियम कितवा चालू होता? जाऊ दे.

आदल्या आठवड्यात मी मैदानावर दीड तास आधी पोचलो होतो. गॅलरी रिकामी. रिंगखाली आमचा तो नवा सेंटर एकटा, शेजारी साहाय्यक कोच हातात फोमची जाड गादी घेऊन. उजवीकडून टाक, पडता चेंडू झेल, डावीकडून टाक, आणि प्रत्येक वेळी खांद्यावर गादीचा दणका. चेंडू हनुवटीच्या खाली आला की मोजणी पुन्हा शून्यापासून. एकदा सतरापर्यंत गेला, चेंडू कमरेशी आला, कोच म्हणाला, "झीरो." पोराने तळवे चड्डीला पुसले आणि परत सुरू. शनिवारी तुमच्यासमोर त्याने चेंडू कमरेशी आणला, सहा फुटी गार्डने हिसकावला आणि तुम्ही खो खो हसलात. मला गादीचा आवाज ऐकू आला.

लाज वाटली पाहिजे, लाज. अठराव्या वर्षी तुम्ही इंजिनिअरिंगच्या गणितात दोनदा उडाला होतात. एटीकेटी होती म्हणून आज अमेरिकेत बेसमेंटचं घर आहे. तेव्हा कोणी वीस हजार लोकांसमोर तुमचा पेपर तपासला नव्हता, आणि तुमच्या आईला गॅलरीत बसून "वाया" ऐकावं लागलं नव्हतं. त्याची आई येते. प्रत्येक घरच्या सामन्याला येते. दोन वर्षं थांबा म्हणतोय, जन्मठेप नाही सांगत. नसेल थांबवत तर क्रिकेट बघा, तिथे तरी सोफ्यावरून बोलायला आपल्याकडे पिढ्यांचा सराव आहे.

पुढचा सामनाही आमच्याकडेच आहे. मिसळ करतोय. तोंडात घास असेपर्यंत बोलायचं नाही, आणि मी पाव पाच डझन आणलेत.