रात्री दोन वाजता दुप्पट एक्सपी मिळत नाही

काल इंदिरानगरहून ताईचा फोन आला. आठवीतला भाचा चार रात्री दोनचा गजर लावून मोबाईल घेऊन बसत होता, शेवटी वर्गात झोपला. खोदून विचारल्यावर त्याने एक मेसेज दाखवला. तोच मेसेज आमच्या घरच्या ग्रुपवरही फिरतोय आणि मोठी माणसं तो न वाचता पुढे ढकलतायत. त्यात लिहिलंय की कुठल्याही गेममध्ये रात्री २ ते ४ सर्व्हर रिकामा असतो म्हणून दुप्पट एक्सपी, म्हणजे लेव्हल वाढवणारे अनुभवाचे पॉइंट, मिळतो. लेव्हल वाढली की कंपनी पॉइंट कापते. ५० लेव्हल झाली की १०० चा अर्धा रस्ता संपला. आणि दिलेल्या नंबरवर आयडी, पासवर्ड आणि ४९९ रुपये पाठवले की 'एक्सपी लॉक' उघडतं.

रात्रीच्या जागरणाचं आधी बोलू, कारण पोरं त्यापायी झोप घालवतायत. सर्व्हरवर गर्दी किती, यावर एक्सपी ठरत नाही. कोणता शत्रू मारला, कोणती मोहीम पुरी केली, त्याचे किती, हा तक्ता गेम बनवणाऱ्यांनी आधीच लिहिलेला असतो. दुप्पट एक्सपीचे दिवस असतात, हे मान्य. पण ते कंपनी स्वतः जाहीर करते. २००४ साली आलेल्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये तर नेमकं उलटं आहे. आपलं पात्र सराईमध्ये किंवा शहरात ठेवून लॉग आउट केलं की दर आठ तासांना एका लेव्हलच्या ५ टक्के विश्रांतीचा साठा जमतो, जास्तीत जास्त दीड लेव्हलपर्यंत. परत आल्यावर तो संपेपर्यंत शत्रू मारल्याचा एक्सपी दुप्पट. भाच्याला हे सांगितलं तेव्हा तो गप्पच झाला. आठ तास झोपून जे मिळतं, त्यासाठी हा रात्री जागत होता!

५० म्हणजे अर्धं? आठवीच्या पोराला घन काढता येतो. पोकेमॉन गेममधल्या प्राण्यांच्या एका मोठ्या गटाला एखादी लेव्हल गाठायला लागणारा एकूण एक्सपी म्हणजे त्या लेव्हलचा घन. ५० चा घन सव्वा लाख, १०० चा दहा लाख. म्हणजे ५० ला जेमतेम आठवा हिस्सा झाला. रूनस्केप या ऑनलाइन गेममध्ये ९९ लेव्हलला १,३०,३४,४३१ एक्सपी लागतो आणि ९२ ला ६५,१७,२५३. तिथे अर्धा रस्ता ९२ ला येतो! सुरुवातीला भराभर लेव्हल चढावी आणि पुढे चढण वाढत जावी, अशीच ती आखणी असते.

पॉइंट कापण्याच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. आपल्यापेक्षा फार खालच्या लेव्हलचा शत्रू मारला तर अनेक गेम कमी एक्सपी देतात, काही तर शून्य. पण लेव्हल वाढली म्हणून जमलेलं कोणी काढून घेत नाही. आणि काही मोबाईल गेम चढण मुद्दाम अवघड करून मग एक्सपी वाढवणारे बूस्टर विकतात, हेही खरं. ते बूस्टर गेमच्या स्वतःच्या दुकानात मिळतात, अनोळखी नंबरवर नाही.

बाहेरच्या माणसाने पैसे घेऊन उघडावं असं 'एक्सपी लॉक' काही नसतं. ऑनलाइन गेममध्ये एक्सपीची नोंद कंपनीच्या सर्व्हरवर असते. पासवर्ड मिळालेला माणूस ती नोंद बदलू शकत नाही, तुमचं अकाउंट मात्र पळवू शकतो. भाच्याने आयडी आणि पासवर्ड पाठवून टाकले होते. पैसे जाण्याआधी ताईने फोन काढून घेतला, आणि पासवर्ड आम्ही कालच बदलला. ग्रुपवर ज्यांनी हा मेसेज टाकलाय त्यांनी तो आधी काढा. आणि आपल्या पोरांना आजच विचारा, कोणी त्या नंबरवर काही पाठवलंय का.