कोलोरॅडोने मत दिले, म्हणून मावशीने गोळ्या सोडायच्या?

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. मथळा: 'ऋषीमुनींची अळंबी अखेर अमेरिकेने मान्य केली!' खाली सहा दावे आणि ओळीने हात जोडलेले इमोजी. एरवी असले काही मी न वाचता पुढे सरकवतो. पण नैराश्यावरच्या गोळ्या घेणाऱ्या माझ्या मावशीने फोन करून विचारले, "मग मी ही गोळी कशाला गिळतेय रे?" तेव्हा डोके फिरले.

'अमेरिकेत कायदेशीर झाली.' अमेरिकेत नाही, कोलोरॅडो राज्यात. तिथे नागरिक सह्या गोळा करून प्रस्ताव थेट मतदानाला नेऊ शकतात. 'प्रपोझिशन 122' असाच आला आणि नोव्हेंबर 2022 मध्ये सुमारे 54 टक्के मतांनी मंजूर झाला. 21 वर्षे पूर्ण झालेल्याने सायलोसायबिनवाली (म्हणजे भास घडवणारे द्रव्य असलेली) अळंबी स्वतःपुरती बाळगली, घरी वाढवली, कुणाला फुकट दिली, तर राज्याच्या लेखी तो गुन्हा नाही. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या कायद्यात मात्र बंदी कायम आहे.

'दुकानात मिळते.' साफ खोटे. अशी दुकाने या कायद्यात नाहीतच. घरची लागवडसुद्धा 12 बाय 12 फुटांच्या बंदिस्त जागेत. नाहीतर परवाना असलेल्या केंद्रात जायचे: आधी तयारीची बैठक, मग देखरेखीखाली डोस, नंतर पुन्हा बैठक.

आता तो दावा, ज्यासाठी हे लिहायला बसलो. 'एका डोसमध्ये डिप्रेशन मुळासकट जाते, गोळ्या आजच बंद करा.'

यात अर्धे सत्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये 2022 साली एक मोठी चाचणी छापून आली. इतर औषधांनी गुण न आलेले 233 रुग्ण. सायलोसायबिनचा 25 मिलिग्रॅमचा एकच डोस घेतलेल्यांपैकी 29 टक्के लोकांची लक्षणे तीन आठवड्यांनी जवळपास गेली होती. नाममात्र 1 मिलिग्रॅम घेतलेल्यांत हे प्रमाण 8 टक्के. फरक खराच मोठा आहे. पण 29 म्हणजे 100 नव्हे. आणि बारा आठवड्यांनंतरही सुधारणा टिकून राहिलेले उरले 20 टक्के. डोकेदुखी, मळमळ, चक्कर तर होतीच, शिवाय काहींच्या मनात आत्महत्येचे विचार आल्याचीही नोंद आहे. या रुग्णांच्या आधीच्या गोळ्या थांबवल्या होत्या, पण डॉक्टरांच्या नजरेखाली. मेसेज लिहिणाऱ्याने त्यातले 'थांबवल्या' तेवढे उचलले.

असल्या गोळ्या एका दिवसात सोडल्या तर गरगरते, झोप उडते, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे होते आणि गेलेला आजार परत डोके वर काढतो. अमेरिकेच्याच ओरेगॉन राज्यातल्या, देखरेखीखाली डोस देणाऱ्या केंद्रांचे नियम तरी बघा. तिथे गेल्या 30 दिवसांत लिथियम (एक मानसोपचारातले औषध) घेतलेल्या माणसाला डोस देत नाहीत. सायकोसिसचे, म्हणजे वास्तवाचे भान सुटणाऱ्या आजाराचे, निदान झालेल्यालाही नाही. कायदा करणारेच इतके जपून चालतात आणि आमच्या ग्रुपवर 'आजच बंद करा'!

'हाच वेदांमधला सोम.' सोम म्हणजे अळंबी, हा तर्क 1968 साली एका अमेरिकन अभ्यासकाने मांडला खरा. पण त्याची अळंबी लाल टोपीवर पांढऱ्या ठिपक्यांची, वेगळीच जात. तिच्यात सायलोसायबिन नसतेच. तर्क वादग्रस्त आहे ते सोडाच.

'सह्याद्रीत पावसाळ्यात फुकट उगवते.' हे वाचून कुणी पिशवी घेऊन निघू नये. काही विषारी भूछत्रांचे विष शिजवूनही जात नाही. खाल्ल्यावर सहा ते बारा तास काहीच होत नाही. मग उलट्या-जुलाब, मग एखादा दिवस बरे वाटते, आणि तेवढ्यात यकृत निकामी व्हायला लागते. शिवाय आपल्याकडे सायलोसायबिन 1985 च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याच्या यादीत आहे. कोलोरॅडोचे मतदान पुण्याच्या पोलिसांना दाखवून उपयोग नाही.

राहता राहिले 'लोकांनी मत दिले, म्हणजे गुण सिद्ध झाला'. 2024 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी जवळपास तसाच प्रस्ताव फेटाळला. म्हणजे हे औषध डेन्व्हरमध्ये लागू पडते आणि बोस्टनमध्ये नाही? मतदारांनी ठरवले ते एवढेच, की यासाठी कुणाला तुरुंगात टाकायचे का. मावशीच्या गोळीचे तिच्या डॉक्टरांनाच विचारायचे आहे. अपॉइंटमेंट मी घेतली आहे.