आठ फ्रेमा आणि आण्णांचं मत

नेव्हिल डिसोझासाठी ठोकलेल्या खिळ्याला काल देणगीदारांच्या वडिलांचा फोटो लागला. वडील भले गृहस्थ असतील. फोटोत तरी तसे दिसतात. पण १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये, ऑस्ट्रेलियात जाऊन, ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल त्यांनी मारलेले नाहीत. एवढंच माझं म्हणणं होतं. त्यावर खजिनदार म्हणाले, "सर, पण फ्रेमांचे पैसे त्यांनीच दिलेत."

तर आमच्या सांगलीतल्या एका मंडळाच्या हॉलमध्ये निवृत्त भारतीय फुटबॉलपटूंची गौरवभिंत व्हायची होती. आठ फ्रेमा, बारा बाय अठरा इंची. यादी काढायचं काम माझ्याकडे आलं. मी आठ नावं दिली: शैलेन मन्ना, पी. के. बॅनर्जी, चुनी गोस्वामी, जर्नेलसिंग, पीटर थंगराज, नेव्हिल डिसोझा, आय. एम. विजयन, बायचुंग भुतिया. आठ नावं, आठ फ्रेमा. इथं विषय संपायला हवा होता. पण मंडळ म्हटलं की मतदान आलं, आणि मतदान म्हटलं की चहा-भडंग आलं, आणि त्या वासानं आण्णा आले.

मतदान कसं घ्यावं हे विचारलं म्हणून मी अमेरिकेतल्या कँटनचं उदाहरण दिलं. ओहायो राज्यातल्या या गावात १९६३ पासून तिकडच्या फुटबॉलचं हॉल ऑफ फेम आहे. निवडलेल्याला सोनेरी कोट मिळतो, ब्राँझचा अर्धपुतळा होतो. निवृत्तीनंतर पाच वर्षं खेळाडूचा विचारच करत नाहीत. मग पन्नास जणांची समिती बसते आणि आत जायला ऐंशी टक्के मतं लागतात, म्हणजे चाळीस. हल्ली नियम आणखी आवळलेत. शेवटी सात खेळाडू उरतात, प्रत्येक मतदाराला त्यातले पाचच निवडता येतात. जुने खेळाडू, प्रशिक्षक आणि संघटक अशा पाच जणांचा वेगळा गट असतो, त्यात मतं तीनच. पन्नास गुणिले तीन, दीडशे मतं. ती पाच जणांत सारखी वाटली गेली तर प्रत्येकी तीस होतात आणि चाळीसला कुणीच पोचत नाही. मग सगळ्यात जास्त मतं असलेल्या एकट्याला आत घेतात. २०२५ मध्ये सगळे मिळून चारच जण आत गेले. एली मॅनिंग बाहेर राहिला. दोन सुपर बोल, म्हणजे तिकडचे अंतिम सामने, जिंकलेला, दोन्हीत सर्वोत्तम ठरलेला, पण साखळी सामन्यांत ११७ विजय आणि बरोब्बर ११७ पराभव. आता या माणसाला थोर म्हणायचं की सरासरी, यावर तिकडे लोक घसा फोडून भांडतात आणि दोन्ही बाजूंचं बरोबर असतं.

"म्हंजे त्यो फुटबॉल पायानं न्हाई खेळत?" कोपऱ्यातून आण्णा.

"नाही आण्णा, जास्त करून हातानं. धरतात, पाडतात."

"मग ती कुस्तीच की ओ!"

आण्णा म्हणजे एसटीतून कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. मंडळाचे सभासद नाहीत. फुटबॉलचा एकही सामना पाहिलेला नाही. पण कुणाला कुठल्या गाडीत बसवायचं हे ठरवण्यात हयात गेलेली, त्यामुळे निवड समितीवर आपला नैसर्गिक हक्क आहे असं त्यांना वाटतं. त्यांची कसोटी एकच: "त्येनं कुणाला पाडलं?"

मी मन्नांपासून सुरुवात केली. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये आपले बरेच खेळाडू अनवाणी उतरले, मन्ना त्यातले. पुढं १९५१ ला दिल्लीत पहिल्या आशियाई खेळांत त्यांच्या कप्तानीखाली सुवर्ण.

"लंडनला जिंकलं?"

"नाही. फ्रान्सकडून २-१ नं हरलो. दोन पेनल्टी हुकल्या."

"कुणी हुकवल्या?"

इथं खोटं बोलता आलं असतं. "एक मन्नांनी," मी म्हणालो. आण्णांनी भडंगातला शेंगदाणा वेचून तोंडात टाकला. मन्ना संपले.

मग पीटर थंगराज. गोलकीपर म्हटल्यावर आण्णा म्हणाले, "त्येला हात चालतोय, बाकीच्यास्नी न्हाई. सवलतीत खेळल्याला माणूस." यावर काय बोलणार? खरं तर गोलीची अडचण वेगळीच आहे. गोल मारला की नोंद होते, गोल खाल्ला की नोंद होते, अडवला त्याची नोंद त्या काळातल्या सामन्यांत कोण ठेवतंय? बॅकचं, म्हणजे बचावाच्या खेळाडूचं, तेच. कँटनमध्येही तेच दुखणं. जेरी क्रेमर हा पुढच्या फळीत उभा राहून दुसऱ्याला वाट करून देणारा खेळाडू, १९६८ ला निवृत्त, आत गेला २०१८ ला. निव्वळ लाथेनं चेंडू लांब धाडणाऱ्या पंटरांपैकी पहिला, रे गाय, २०१४ मध्ये. ज्यांच्या कामाचा आकडा निघत नाही ते रांगेत शेवटी. आण्णांना एसटीतला मेकॅनिक आठवायला हरकत नव्हती, पण ते ड्रायव्हरच्याच बाजूचे.

चुनी गोस्वामी हे जकार्ता १९६२ च्या आशियाई खेळांतल्या सुवर्णविजेत्या संघाचे कप्तान. मी जरा आवाज चढवून सांगितलं. पण त्यांनी १९६४ मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी आंतरराष्ट्रीय फुटबॉल सोडला हेही ओघात बोलून गेलो.

"सत्ताविसाव्या वर्षी? व्हीआरएस?"

"नंतर ते बंगालकडून रणजी क्रिकेट खेळले आण्णा. अंतिम सामन्यात कप्तान होते."

"मग त्येला क्रिकेटच्या भिंतीवर लावा की. तिथं विजय हजारे हाईत, आपल्या सांगलीत जन्मल्यालं. त्यांच्या शेजारी शोभंल." लोक हसले, आणि हसणाऱ्यांचे हात मतदानाला वर येत नाहीत.

नेव्हिलच्या वेळी मी तयारीत होतो. ऑलिम्पिकमध्ये हॅट्‌ट्रिक करणारा पहिला आशियाई. मुंबईकर, म्हणजे आपल्या राज्याचा. ऑस्ट्रेलियाला ४-२ नं हरवून भारत उपांत्य फेरीत गेला.

"मग फुडं?"

"युगोस्लाव्हियाकडून हरलो. कांस्यासाठी बल्गेरियाकडून हरलो. चौथे आलो."

"चौथ्याला गल्लीतल्या मैदानातबी नारळ देत न्हाईत ओ. आपल्या खाशाबांनी चार वर्सं आधी हेलसिंकीत पदक आणल्यालं." मग आण्णांनी आवाज खाली आणला. "आन् जकार्ता म्हणालासा न्हवं? बासष्टचं? तिथंच आपल्या कवठेपिरानच्या मारुती मान्यांनी सोनं मारलंय. आणि वर चांदी. एकट्या माणसानं दोन! तुमची अकरा माणसं मिळून एक."

राग याचाच येतो की माहिती अगदी खरी होती. त्याच खेळांत, त्याच गावात, फ्रीस्टाइलला सुवर्ण आणि ग्रीको-रोमनला रौप्य. मी म्हणालो, पण ही फुटबॉलची भिंत आहे. आण्णा म्हणाले, कोल्हापूर इथनं पन्नास किलोमीटर, तिथल्या फुटबॉल संघांची नावं काय? पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम. "तालमीत पैलवान नसत्यात तर काय कंडक्टर असत्यात?"

जर्नेलसिंग मात्र आण्णांना एकदम पटले. मूळचा बॅक. जकार्तात थायलंडविरुद्ध डोकं फुटलं, सहा टाके पडले. तेव्हा प्रशिक्षक रहीम साहेबांनी त्याला बसवायचं सोडून उपांत्य सामन्यात थेट पुढं, सेंटर फॉरवर्डला खेळवलं. त्यानं उपांत्य सामन्यात गोल मारला, अंतिम सामन्यातही मारला, आणि ज्या दक्षिण कोरियानं पहिल्याच सामन्यात आपल्याला २-० नं धुतलं होतं त्यांना आपण २-१ नं हरवलं. "सहा टाके!" आण्णा उठून उभेच राहिले. विजयन पोरवयात त्रिशूरच्या स्टेडियममध्ये सोडा विकायचे, यावरही ते विरघळले. भारतासाठी काय केलं हे कुणी विचारलंच नाही. सोडा पुरला.

कुणीतरी मध्येच सुनील छेत्रीचं नाव घेतलं. पाच वर्षं थांबायचा नियम नेमका अशांसाठीच असतो. जून २०२४ मध्ये कुवेतविरुद्ध शेवटचा सामना खेळून, डोळे पुसून तो गेला. मार्च २०२५ मध्ये मालदीवविरुद्ध परत उतरला आणि गोलही मारला. भिंतीवरून माणूस उतरवून मैदानात पाठवायची सोय आमच्याकडे नाही.

खरा घात झाला तो मतदानाच्या पद्धतीनं. मी सांगितलं होतं की प्रत्येक नावावर हो किंवा नाही घ्या. चहा निवतोय म्हणून सेक्रेटरींनी कँटनचा नियम अर्धाच उचलला: प्रत्येकाला पाच मतं, निवडीला ऐंशी टक्के. दहा जणांची कार्यकारिणी, एकूण पन्नास मतं, प्रत्येक नावाला आठ हवीत. आठा सक अठ्ठेचाळीस. म्हणजे कितीही काटेकोर वाटली तरी सहापेक्षा जास्त माणसं निवडून येऊच शकत नाहीत, आणि फ्रेमा आठ! हे मी फळ्यावर मांडून दाखवलं. सेक्रेटरी म्हणाले, "बघू, जमतंय."

निकाल असा. पी. के. बॅनर्जी दहा. विजयन आठ, भुतिया आठ. नेव्हिल सात. चुनी चार, मन्ना दोन, थंगराज एक. ते एक कुणाचं हे सांगायला नको. आणि जर्नेलसिंगला दहा मतदारांत अकरा मतं पडली, कारण आण्णांनी हात वर केला आणि वयाकडे बघून तो खाली घ्यायला कुणी सांगितलं नाही.

चार आत, चार फ्रेमा रिकाम्या. एकीत देणगीदार, एकीत त्यांचे वडील, एकीत मंडळाचं नोंदणी प्रमाणपत्र, एकीत मारुती माने. मान्यांबद्दल माझी तक्रार नाही, त्यांना आणखी मोठी भिंत हवी. पण जकार्ताचा कप्तान बाहेर आणि नोंदणी प्रमाणपत्र आत, हे काय आहे? खाशाबा १९८४ ला गेले, अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर मिळाला. सातारा-सांगलीच्या माणसांनी तरी ही रांग कशी लागते ते एव्हाना ओळखायला हवं होतं. कँटनमध्ये निदान वाद तरी खेळावरून होतो. टेरेल ओवेन्स या तिकडच्या खेळाडूला दोनदा डावललं, तिसऱ्यांदा निवडलं, तर तो २०१८ च्या सोहळ्याला गेलाच नाही, आपला वेगळा सोहळा त्यानं चॅटानुगाला केला. आमचा नेव्हिल बिचारा कुठं जाणार?

फोटोंचं काम फ्लेक्सवाल्याकडे दिलंय. इंटरनेटवरून उतरवलेला बोटभर फोटो बारा बाय अठराला ताणला की नाकाचे चौकोन होतात. मूळ वर्तमानपत्राचं कात्रण मिळवून सहाशे डीपीआयला स्कॅन करा, हे मी सांगून थकलो. आज गेलो तर आण्णा आधीच ऑपरेटरशेजारी खुर्ची टाकून बसलेले. जर्नेलसिंगांच्या फोटोत टाके दिसत नाहीत, ते काढून द्या म्हणून हट्ट चाललेला. पोरगा माऊस धरून थांबला होता.

"कुठल्या बाजूला घेऊ आण्णा?"

आण्णांनी टोपी काढली आणि स्वतःच्या टकलावर बोट ठेवून जागा दाखवली.