गुणसूत्रं ठरली म्हणजे सगळं ठरलं का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. गर्भाचे लैंगिक अवयव कसे घडतात यावरच्या माझ्या लेखावरची तुमची सविस्तर प्रतिक्रिया वाचली. तुमचे आक्षेप तीन आहेत. मुलगा की मुलगी हे फलनाच्या क्षणीच ठरतं, म्हणून ‘सुरुवातीला दोघांचे बाहेरचे अवयव सारखेच असतात’ हे माझं वाक्य दिशाभूल करतं. त्यातून ‘सगळे आधी मुलीच असतात’ असा अर्थ निघतो. आणि घरातली मुलंही वाचतात तिथे असे विषय मांडू नयेत.

गुणसूत्रांची जोडी एक्सएक्स (मुलीची) की एक्सवाय (मुलाची) हे फलनाच्या वेळी ठरतं, हे तुमचं म्हणणं मान्यच आहे. पण त्यानुसार शरीराला आकार यायला बरेच आठवडे लागतात. सातव्या आठवड्यातला गर्भ बाहेरून पाहिला तर मुलगा-मुलगी ओळखता येत नाही. (हे आठवडे फलनापासूनचे आहेत, डॉक्टर शेवटच्या पाळीपासून मोजतात, त्यांचा आकडा हवा असेल तर यात दोन मिळवा.) दोघांनाही पुढे एक छोटा उंचवटा असतो, त्याखालच्या खाचेच्या दोन्ही कडांना दोन घड्या आणि त्यांच्या बाहेर दोन फुगवटे. वाय गुणसूत्रावर एसआरवाय नावाचं जनुक असतं. ते १९९० मध्ये सापडलं. त्याच्यामुळे वृषण (अंड) तयार होतात आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक (हार्मोन) बनवू लागतात. बाहेरच्या अवयवांच्या पेशींत त्याचं डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन होतं आणि खरं काम ते करतं. उंचवटा वाढून शिश्न होतं, घड्या जुळून मूत्रमार्गाची नळी बनते, फुगवटे एकत्र येऊन अंडकोशाची पिशवी होते. ते संप्रेरक नसेल तर त्याच उंचवट्याचं क्लिटोरिस होतं, घड्यांचे योनीचे आतले ओठ आणि फुगवट्यांचे बाहेरचे. अंडकोशावर मधोमध शिवणीसारखी रेघ दिसते, ती दोन बाजू जुळल्याची खूण.

दुसऱ्या आक्षेपाबद्दल: ‘सगळे आधी मुली’ असं मी लिहिलेलं नाही. आल्फ्रेड जोस्ट या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात सशांच्या गर्भांतल्या लैंगिक ग्रंथी (वृषण किंवा बीजांडकोश) काढून टाकल्या, तेव्हा सगळे गर्भ मादीसारखे वाढले. तो समज तिथून पसरला असावा. पण सातव्या आठवड्यातला उंचवटा ना शिश्न असतो, ना क्लिटोरिस. आणि बीजांडकोशही आपोआप बनत नाही. त्यालाही डब्ल्यूएनटी-४ सारखी जनुकं लागतात.

गुणसूत्रांवर सगळं संपत नाही, हे डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या लास सालिनास गावाने दाखवून दिलं. तिथल्या काही एक्सवाय मुलांत टेस्टोस्टेरॉनचं रूपांतर करणारं विकर (एन्झाइम) कमी पडतं. ती जन्मताना मुलींसारखी दिसतात, बऱ्याच जणांना मुली म्हणूनच वाढवलं गेलं आणि वयात येताना शिश्न वाढलं. १९७४ मध्ये यावरचं संशोधन प्रसिद्ध झालं. उलट, एक्सएक्स बाळाच्या मूत्रपिंडावरच्या अॅड्रीनल ग्रंथीत विकराचा दोष असेल तर पुरुषी संप्रेरकं वाढतात. मग क्लिटोरिस मोठं दिसतं, ओठ जुळलेले दिसतात, पण गर्भाशय आणि बीजांडकोश जागेवर असतात.

आता तिसरा आक्षेप, आणि इथे मी अजिबात मागे हटणार नाही. अॅड्रीनलच्या या दोषाच्या तीव्र प्रकारात बाळाच्या शरीरातलं मीठ लघवीवाटे निघून जातं. जन्मानंतर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात उलट्या सुरू होतात, वजन घटतं आणि उपचार मिळाले नाहीत तर बाळ दगावू शकतं. वेळेवर रक्ततपासणी झाली आणि हायड्रोकॉर्टिसोन हे औषध सुरू झालं तर ते वाचतं. मुलीत किमान बाहेरचे अवयव तरी वेगळे दिसतात. मुलगा बाहेरून ठणठणीत वाटतो, म्हणून त्याचा आजार निसटण्याची भीती जास्त. अशा घरात आईच्या ग्रहणाचा, कुणाच्या पापाचा विषय निघतो आणि लाजेपोटी बाळाला कपड्यात गुंडाळून ठेवलं जातं. तेव्हा हातचे दिवस जातात.

म्हणून तुमच्यासकट सगळ्या वाचकांना सांगते: नवजात बाळाचे अवयव स्पष्ट वाटत नसतील, किंवा वरवर मुलगा दिसणाऱ्या बाळाच्या पिशवीत दोन्ही बाजूंना अंड हाताला लागत नसेल, तर बारसं थांबवा आणि त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे जा. लघवीचं छिद्र शिश्नाच्या टोकाऐवजी खाली असेल तर घड्या पूर्ण जुळलेल्या नाहीत. अशा मुलाची सुंता करू नका. दुरुस्तीच्या शस्त्रक्रियेत तीच कातडी लागू शकते.