‘ज्याचा पैसा त्याचा आवाज’ म्हणणाऱ्यांनी आधी कलम 23 वाचावं

‘दूरदर्शन आणि आकाशवाणी बंद करा, देशाचा पैसा वाचवा’ असा एक लांबलचक मेसेज सध्या नागपुरातल्या ग्रुपांवर फिरून राहिला आहे. काल तो माझ्या मामांनी पाठवला, खाली ‘अगदी बरोबर’ असं लिहून. आयुष्यभर आकाशवाणीच्या बातम्या ऐकून घराबाहेर पडणाऱ्या माणसालाही तो पटतो, हे बघून गप्प बसवेना.

मेसेजमध्ये पाच दावे आहेत. हे कोणी बघत-ऐकत नाही. खासगी वाहिन्या आणि मोबाइल असताना याची गरज नाही. बीबीसीसुद्धा सरकारच्याच पैशावर चालते. दूरदर्शन आणि आकाशवाणी चालवणारी प्रसार भारती ही संस्था कायद्यानेच स्वायत्त आहे, त्यामुळे दबावाची ओरड खोटी आहे. आणि शेवटी, ठळक अक्षरांत: ‘ज्याचा पैसा त्याचा आवाज. सरकार पैसे देतं, मग सरकारचीच बाजू मांडणार. त्यात चूक काय?’

चौथा आणि पाचवा दावा एकाच वेळी खरे असू शकत नाहीत, हे लिहिणाऱ्याच्या लक्षातही आलेलं नाही. पण सगळ्यात घातक पाचवाच आहे. तो मनात रुजला की पुढे काहीही झालं तरी तक्रार करायला जागा उरत नाही. म्हणून आधी तोच घेतो.

पैसा सत्ताधारी पक्षाचा नाही. तो संसदेने मंजूर केलेल्या अनुदानातून येतो, म्हणजे सरकारला मत न देणाऱ्यांच्याही करातून येतो. त्या पैशात काय करायचं ते 1990 च्या प्रसार भारती कायद्याच्या कलम 12 मध्ये लिहिलं आहे: लोकहिताच्या प्रत्येक विषयाची माहिती मोकळेपणाने, खरी आणि वस्तुनिष्ठ मिळण्याचा नागरिकाचा हक्क जपायचा, परस्परविरोधी मतांसह समतोल माहिती द्यायची आणि स्वतःचं कुठलंही मत वा विचारसरणी पुढे रेटायची नाही. सरकारचीच बाजू मांडणं हे या कलमाच्या थेट विरुद्ध आहे.

मग सरकारला काहीच सांगता येत नाही का? येतं, आणि त्यासाठी कलम 23 आहे. देशाचं सार्वभौमत्व, एकता, सुरक्षा किंवा सार्वजनिक सुव्यवस्था यांच्यासाठी केंद्र सरकार एखादी गोष्ट प्रसारित करू नका किंवा सार्वजनिक महत्त्वाची एखादी गोष्ट प्रसारित करा, असा निर्देश देऊ शकतं. पण त्यासोबत दोन तरतुदी आहेत. निर्देशावरून काही प्रसारित केलं, तर ‘हे सरकारच्या निर्देशावरून प्रसारित होत आहे’ असं जाहीर करण्याची मुभा प्रसार भारतीला आहे. आणि अशा प्रत्येक निर्देशाची प्रत संसदेच्या दोन्ही सभागृहांत ठेवावी लागते. प्रत ठेवायची म्हणजे आदेश कागदावर हवा, त्यावर सही हवी आणि विरोधी खासदाराला त्यावर प्रश्न विचारता यायला हवा. सरकारने उघडपणे बोलायचं तर कायद्याने त्याला रस्ता दिला आहे. दबाव म्हणतात तो हा रस्ता टाळून येतो.

तो बुलेटिनमध्ये कसा दिसतो ते सांगतो. दहा मिनिटांच्या मराठी बातमीपत्रात साधारण हजार शब्द बसतात. सुरुवातीच्या आणि शेवटच्या ठळक बातम्या वजा केल्या, तर उरलेल्या वेळात दहा-बारा बातम्या मावतात. कुठलीही बातमी कापायची गरज नसते, नुसता क्रम बदलला तरी पुरतं. मंत्र्यांच्या उद्घाटनाला दोन मिनिटं दिली की शेवटच्या दोन बातम्या आपोआप गळतात. टीव्हीवर हे आणखी सोपं आहे. उपलब्ध एकच कॅमेरा युनिट फीत कापायच्या कार्यक्रमाला पाठवलं की हिवाळी अधिवेशनात मॉरिस कॉलेज टी-पॉइंटवर अडवलेल्या मोर्चाची दृश्यं मिळत नाहीत. मग ‘व्हिज्युअल नाहीत’ म्हणून ती बातमी पंधरा सेकंदांत नुसती वाचली जाते. कोणी खोटं बोललेलं नसतं, तरी कलम 12 मोडलेलं असतं.

‘स्वायत्त आहे, मग दबाव कुठून?’ या प्रश्नाचं उत्तरही कायद्यात आणि नेमणुकांत आहे. अध्यक्ष आणि सदस्यांची निवड उपराष्ट्रपती, प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष आणि राष्ट्रपतींनी नेमलेली एक व्यक्ती अशी तिघांची समिती करते. इथपर्यंत ठीक आहे. पण वृत्त विभागातल्या वरच्या जागांवर भारतीय माहिती सेवेतले अधिकारी असतात, आणि हे केडर माहिती व प्रसारण मंत्रालयाचं आहे. बदली ज्यांच्या हातात, त्यांची नाराजी कोण ओढवून घेईल? 5 ऑक्टोबर 2007 पर्यंत नोकरीत लागलेले कर्मचारी 2012 च्या दुरुस्तीनुसार प्रतिनियुक्तीवरचे केंद्रीय कर्मचारीच मानले जातात. पगाराचा मोठा भाग केंद्राच्या अनुदानातून येतो. एवढं सगळं जुळलेलं असताना फोन करायचीही गरज पडत नाही. कायद्याने संसदेची 22 खासदारांची एक देखरेख समितीही सांगितली आहे, लोकसभेचे 15 आणि राज्यसभेचे 7. कायदा 1997 मध्ये लागू झाला, ती समिती आजवर उभी राहिलेली नाही.

आता अर्धसत्य मान्य करतो, कारण ते नाकारता येणार नाही. या माध्यमांवर सत्तेचा आवाज जास्त ऐकू येतो, आणि हे एका पक्षाचं पाप नाही. आणीबाणीत किशोर कुमारची गाणी आकाशवाणीवरून हद्दपार झाली होती, कारण तो काँग्रेस सरकारच्या प्रचाराला आला नाही. 2014 च्या दसऱ्याला आपल्या रेशीमबागेतलं सरसंघचालकांचं भाषण दूरदर्शनने थेट दाखवलं, त्यावर देशभर वाद झाला. 2017 च्या स्वातंत्र्यदिनी त्रिपुराचे तेव्हाचे मुख्यमंत्री माणिक सरकार यांचं भाषण मजकूर बदलल्याशिवाय प्रसारित करायला नकार मिळाला. 2024 च्या निवडणुकीत माकपचे नेते सीताराम येचुरींच्या भाषणातून सरकारवर टीका करणारे शब्द काढायला लावले गेले. हे सगळं खरं आहे. पण यातली प्रत्येक घटना आपल्याला खटकते, कारण तिथे समतोल असणं हा आपला कायदेशीर हक्क आहे. ही माध्यमंच बंद केली तर तो हक्क मागायचा कोणाकडे?

‘खासगी वाहिन्या आहेत ना.’ टीव्हीवर आहेत, रेडिओवर नाहीत. भारतात खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगीच नाही. आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावता येतं, बाकी वाहतूक, हवामान, परीक्षांचे निकाल, खेळांची माहिती एवढंच. सामुदायिक रेडिओचंही तेच. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने 2023 मध्ये खासगी एफएमला तासाला दहा मिनिटं बातम्या देऊ द्याव्यात अशी शिफारस केली होती. म्हणजे आजच्या घडीला रेडिओवरचा बातम्यांचा एकमेव स्रोत आकाशवाणी आहे. तीच बंद करा म्हणणारा माणूस रेडिओवरच्या बातम्याच बंद करा म्हणतो आहे. तिच्यावर दबाव असेल तर तो संपूर्ण रेडिओवर आहे, ही यातली खरी काळजीची बाब.

‘कोणी ऐकत नाही’ हे शहरातल्या फ्लॅटमध्ये बसून म्हणणं सोपं आहे. आकाशवाणीच्या नागपूर केंद्राचं 585 किलोहर्ट्झचं मध्यम लहरींवरचं प्रक्षेपण 300 किलोवॅटचं. एफएम डोंगराआड अडतं, मध्यम लहरी जमिनीलगत लांबवर जातात. अतिवृष्टीत वीज गेली की मोबाइल टॉवरची बॅटरी काही तासांत बसते, सेलवरचा रेडिओ चालू राहतो. टीव्हीचं म्हणाल तर दूरदर्शनच्या फ्री डिशला महिन्याचं भाडं नाही. छोटी छत्री आणि सेट-टॉप बॉक्स एकदा घेतला की झालं. आणि हो, बुटीबोरीच्या 1000 किलोवॅटच्या प्रक्षेपकावरून रात्री देशभर जाणारी राष्ट्रीय वाहिनी बंद करण्याचा निर्णय 2018 च्या डिसेंबरात झालाच. मेसेजवाल्यांना हवं ते थोडं थोडं होतंच आहे.

बीबीसीचा दावा दोन वाक्यांत संपतो. तिचा मुख्य पैसा घरागणिक लायसन्स फीमधून येतो, एप्रिल 2025 मध्ये ती वर्षाला 174.50 पौंड झाली. ती फी किती असावी हे मात्र तिथलं सरकार ठरवतं आणि 2022 मध्ये त्याने ती दोन वर्षं गोठवली होती, म्हणून दबाव तिथेही आहे आणि लोक त्यावर तिथेही भांडतात.

सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगालच्या खटल्यात सांगितलं की प्रसारणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्या खंडपीठावर न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. न्यायमूर्ती जीवन रेड्डी यांनी तर स्वच्छ लिहिलं की प्रसारण सरकारच्या नव्हे, जनतेच्या ताब्यात असावं.

ज्यांना खरंच चीड आली आहे त्यांनी मेसेज पुढे ढकलण्याऐवजी मोजमाप करावं. आकाशवाणीच्या बातम्यांच्या संकेतस्थळावर प्रादेशिक बातमीपत्रं ऐकायला मिळतात. सलग सात दिवसांची घ्या. अधिवेशनाचा किंवा आचारसंहितेचा आठवडा घेऊ नका, त्यात चित्र वाकडं येतं. प्रत्येक बातमीसाठी चार गोष्टी लिहा: कितवा क्रमांक, किती सेकंद, कोणाचं म्हणणं (मंत्री, अधिकारी, विरोधक, सामान्य माणूस), कुठल्या जिल्ह्याची. नुसत्या बातम्या मोजल्या तर फसगत होते, सेकंद मोजा. ठळक बातम्या दोनदा येतात, त्या एकदाच धरा.

मग माहितीचा अधिकार वापरा. प्रसार भारती या कायद्याखाली येते. जीपीओतून दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर घ्या किंवा केंद्र सरकारच्या पोर्टलवर ऑनलाइन अर्ज करा. ‘अमुक बातमी का दाखवली नाही’ असं विचारू नका, कारणं मागणारा अर्ज ‘ही माहिती नव्हे’ म्हणून परत येतो. कागद मागा: कलम 23 खाली मिळालेल्या निर्देशांच्या प्रती, त्या आठवड्याच्या बातमीपत्रांच्या संहिता, कॅमेरा युनिट कुठे पाठवलं त्याची नोंदवही. उत्तराला तीस दिवस. नाही आलं किंवा अर्धवट आलं, तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, त्याला फी नाही. आणि निर्देश एकही नाही असं उत्तर आलं, तर तुमच्या सात दिवसांच्या तक्त्यासोबत ते उत्तर खासदाराला पाठवा आणि 22 जणांची ती समिती का नेमली नाही हा प्रश्न सभागृहात विचारायला सांगा.