कन्सोल केबल अडगळीत टाकण्याआधी

जिनिंग, शाळा, पतसंस्था यांची नेटवर्क सांभाळणाऱ्या आमच्या यवतमाळकडच्या तंत्रज्ञांमध्ये सध्या एक संदेश फिरतो आहे. खेड्यातला स्विच, म्हणजे संगणक एकमेकांना जोडणारी पेटी, कंपनीच्या मोबाइल ॲपवरूनच सांभाळावा, लॅपटॉप थेट स्विचला जोडणारी कन्सोल केबल आता कालबाह्य झाली आहे, आज्ञा टाइप करून स्विच चालवण्याची कमांड लाइन मोठ्या कार्यालयांसाठी असते आणि ॲप नसेल तिथे टेलनेट ही नेटवर्कवरून स्विचमध्ये लॉगिन करण्याची जुनी पद्धत पुरते, कारण आतल्या नेटवर्कमध्ये बाहेरचे कोणी येत नाही, असे त्यात म्हटले आहे. यातला एकही मुद्दा मला पटत नाही.

असे ॲप साधारणपणे कंपनीच्या सर्व्हरमार्फत, म्हणजे इंटरनेटवरून स्विचपर्यंत पोहोचते. नालीच्या खोदकामात फायबर तुटली, तर स्विच आतले काम चालू ठेवतो, परंतु त्यात बदल करण्याची वाट बंद होते. वणीजवळच्या एका जिनिंगमध्ये ऐन हंगामात माझ्याच हातून अपलिंक पोर्टचा (मुख्य नेटवर्ककडे जाणाऱ्या जोडणीचा) व्हीलॅन, म्हणजे नेटवर्कचा आभासी विभाग, चुकला. ॲप गेले, स्विचचे वेब पानही गेले, काट्यावरचा संगणक थांबला आणि फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागली. रुईच्या तंतूंनी भरलेले कपाट उघडून निळी चपटी कन्सोल केबल जोडली, तेव्हा पडद्यावर आधी अगम्य अक्षरे उमटली, कारण लॅपटॉपवर केबलचा वेग सेकंदाला ११५२०० बिट ठेवलेला होता; तो ९६०० केल्यावर लॉगिन आले आणि दोन ओळींत पोर्ट पूर्ववत झाला. त्या केबलला ना आयपी पत्ता लागतो, ना इंटरनेट.

कमांड लाइनचा खरा उपयोग मृगाच्या तोंडावर कळतो. विजेने स्विच जळाला आणि त्याची मांडणी (सेटिंग) मजकुराच्या फाइलमध्ये जपलेली असली, तर त्याच मॉडेलच्या नव्या स्विचवर ती काही मिनिटांत चढवता येते. मात्र केलेला बदल अनेक स्विचवर वेगळा जतन करावा लागतो, नाहीतर वीज जाऊन आली की जुनीच मांडणी परत येते. भारनियमनाच्या गावात हे विसरून चालत नाही. एकच स्विच असलेल्या शाळेला एचटीटीपीएसवरचे, म्हणजे सांकेतिक जोडणीवरचे, वेब पान पुरेसे आहे, हे मी मान्य करतो.

टेलनेटबद्दल मात्र तडजोड नाही. त्यात पासवर्ड उघड्या मजकुरात जातो, आणि ‘आतल्या’ नेटवर्कमध्ये कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर असतो, पाहुण्यांचे वायफाय असते, पेन ड्राइव्हमधून व्हायरस आलेला कार्यालयातला संगणकही असतो. तेच काम सांकेतिक रूपात करणारे एसएसएच १९९५ पासून उपलब्ध आहे. सांकेतिक किल्ली तयार करून ते सुरू करावे आणि टेलनेट बंद करावे, एवढेच काम आहे. देखरेखीसाठी एसएनएमपी (उपकरणांची स्थिती विचारण्याची पद्धत) वापरत असाल, तर ‘पब्लिक’ हा पासवर्डसारखा ठरावीक शब्द बदलावा, आणि स्विचमध्ये सोय असल्यास तिसरी आवृत्तीच घ्यावी, कारण आधीच्या आवृत्त्यांत तो शब्दही उघडाच जातो.

नवा स्विच घेताना दुकानदाराला कन्सोल पोर्ट आहे का, हे आधी विचारावे, आणि सोबत आलेली केबल त्याच कपाटाच्या दाराला बांधून ठेवावी.