होळीनंतर शिकार मोकळी होते, हे साफ खोटं आहे

होळी झाली की एक मेसेज पैठण, अंबड, गेवराईकडच्या ग्रुपांवर फिरायला लागतो. त्यातला मजकूर थोडक्यात असा: ‘वसंत हा मासे आणि शिकारीचा हंगाम. पाणी उतरलंय, मासा हाताला येतो. ससा, तितर, लावा, रानडुक्कर मारायला हरकत नाही. छऱ्याच्या बंदुकीला परवाना लागत नाही. नाथसागरावर (पैठणच्या जायकवाडी धरणाच्या जलाशयावर) आलेले पाहुणे पक्षी तसेही निघालेत.’ यंदा पुतण्यानं तो मला पाठवला आणि विचारलं, ‘काका, जायचं का?’ त्याला जे सांगितलं तेच इथं लिहितोय.

ससा, तितर, लावा यांना मारायला हरकत आहे, आणि ती बारा महिने आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात हंगामी सूट नाही. ससा आणि तितर दोन्ही संरक्षित यादीत आहेत. शिकार म्हणजे फक्त गोळी घालणं, असंही नाही. फास लावणं, पकडणं, तसा प्रयत्न करणं, पक्ष्याची अंडी फोडणं, घरटं विस्कटणं, हे सगळं कायद्याच्या भाषेत शिकारच. अभयारण्यात शिकार केली तर शिक्षा किमान 3 वर्षं, 7 वर्षांपर्यंत जाते. नाथसागराचा जलाशय 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे, हे मेसेज लिहिणाऱ्यानं कुठंच सांगितलेलं नाही.

रानडुकराचं प्रकरण वेगळं आहे. पीक उद्ध्वस्त झालेल्या शेतकऱ्यानं अर्ज केला, तर वन अधिकारी अटी घालून परवानगी देऊ शकतात. रात्रभर हरभरा राखणाऱ्या माणसाचं दुखणं खरं आहे. पण ती सोय त्याच्यासाठी आहे, रविवारी जीप घेऊन येणाऱ्या हौशी माणसासाठी नाही.

छऱ्याच्या ठराविक बंदुकांना परवाना लागत नाही, इतकंच खरं. ती सूट हत्यार बाळगण्यापुरती आहे. त्यानं होला पाडला काय किंवा गलोलीनं पाडला काय, गुन्हा तोच.

‘पाहुणे पक्षी निघालेत’ हे वाचून मला सर्वांत जास्त वाईट वाटलं. चक्रवाक, थापट्या इथून हिमालयापलीकडे जातात. निघण्याआधीचे हे दिवस त्यांचे अंगात चरबी साठवण्याचे. आता पाण्यावर एक बार झाला तरी अख्खा थवा उठतो आणि खाल्लेलं उडण्यात खर्च होतं. आणि जे जात नाहीत त्यांचं काय? पाणी ओसरून उघड्या पडलेल्या वाळूवर नदी सुरय याच दिवसांत अंडी घालतो. टिटवीही उघड्या माळावरच घालते. तिनं अंडी उंचावर घातली की सखल, यावरून आपली म्हातारी माणसं पावसाचा अंदाज बांधत आली. ती अंडी खड्यांत खड्यासारखीच दिसतात. गाडीचं चाक वरून गेलं तरी कळत नाही.

आता मासे. मी स्वतः लहानपणापासून गळ टाकतो, त्यामुळं हे जरा सविस्तर सांगतो. पाणी उतरल्यावर मासा सापडतो, हे बरोबर आहे. पण का सापडतो? त्याला जायला जागा उरत नाही म्हणून. आपल्याकडं चैत्रात पाणी तापतं, त्यातला प्राणवायू घटतो आणि उरलेला मासा दोन-चार डोहांत गोळा होतो. रोहू, कटला, मृगळ अंडी घालणार पावसाळ्यात, नवं पाणी आल्यावर. ती घालणारी मादी आत्ता त्या डोहात असते. घरात कितीही ओढाताण असली तरी पेरणीचं बियाणं आपण दळायला नेत नाही. मरळ तर पिल्लांची राखण करते. पाण्यावर तांबूस पिल्लांचा झुबका दिसला की खाली आई-बाप असतात. मोठी मरळ काढली की त्या पिल्लांवर बाकीचे मासे तुटून पडतात. डोहात सुरुंग लावणं किंवा विष कालवणं तर 1897 पासून गुन्हा आहे.

शिवाय बहुतेक तलाव मच्छीमार संस्थांनी ठेक्यानं घेतलेले असतात. बोटुकली, म्हणजे माशांची बोटाएवढी पिल्लं, त्यांनी पैसे भरून सोडलेली असते. भोई जाळं टाकतोय म्हणून पाणी सगळ्यांना मोकळं, असं होत नाही. त्याच्या घरची चूल त्या जाळ्यावर आहे.

पुतण्याला मी नाही म्हटलं नाही. ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या शेततळ्यात मासे आहेत, त्याला विचारलं आणि पहाटे पाचला दोघं गळ घेऊन गेलो. ऊन चढायच्या आत दोन चिलापी लागले. येताना बांधावर टिटवी ओरडत अंगावर आली, तेव्हा पोरगं आपणहून थांबलं आणि लांबून वळसा घालून आलं.